जनाबाईच्या डोळ्याचं माप

कोलशेतच्या जनाबाईचा डावा डोळा चिनीमातीचा आहे, असं ठाण्याच्या बाजारातले निम्मे लोक छातीठोकपणे सांगत. मुंबईच्या सायबानं खरा डोळा काढून बाटलीत ठेवला आणि त्या जागी विलायतेहून आलेला, निळसर झाक असलेला डोळा बसवला. घरी गेली की ती तो काढून वाटीत ठेवते. आणि तिची जाऊ शकू रोज सकाळी तो राखेनं घासून देते. सांगणारा राखेपर्यंत पोचला की ऐकणाऱ्याची शंका फिटायची. एवढा तपशील कोण खोटा सांगेल?

तर ते सगळं खोटं. जनाबाईचे दोन्ही डोळे जन्माला आले तेच आहेत, आणि डावा तर जरा जास्तच चालतो. गिऱ्हाइकानं पाटीतली बोई उचलून, कल्ला उघडून, नाक मुरडून परत ठेवली, तर ती दुसऱ्याशी बोलता बोलता त्याच्याकडे असा एक कटाक्ष टाकते की त्यानं मुकाट्यानं तीच बोई घ्यावी. आणि राखेचं म्हणाल, तर शकूकडून घरची भांडी धड घासून होत नाहीत, ती जावेचा डोळा काय घासणार! पण अफवा अगदीच हवेतून आलेली नव्हती. डोळा काढायचं ठरलं होतं. वारसुद्धा ठरला होता.

साल १८८४. जनाबाई तेव्हा चाळिशीला टेकलेली. नवरा मोरू खाडीत डोल जाळं लावायचा, ही सकाळी पाटी घेऊन माजिवड्यावरून ठाण्याला चालत जायची आणि दुपारी घरी येऊन जाळी विणायची. मोरू बोलायला मऊ आणि ठरवायला त्याहून मऊ, त्यामुळे घरातलं ठरवण्याचं काम आपसूक हिच्याकडे आलेलं. विणकामात तिचा हात पंचक्रोशीत कोणी धरत नसे. कोळ्यांकडे जाळ्याचं प्रत्येक घर सारखं यावं म्हणून बांबूची एक चपटी पट्टी असते. दोरा पट्टीवरून फिरवायचा, गाठ मारायची, पट्टी पुढे सरकवायची. जनाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यानं कौतुकानं स्वतः विणलेलं जाळं तिला दाखवलं. तिनं त्याला पट्टी लावली, मधली एक ओळ वाकडी निघाली, आणि सुनेनं सासऱ्यादेखत ती ओळ उसवली. सासरा आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं आपली पट्टी तिच्या हातात दिली आणि पुन्हा जाळ्याला हात लावला नाही.

अशा बाईला पौष महिन्यात एका सकाळी मोरूच्या होड्या दोन दिसल्या. मोरूला एक सांभाळताना नाकी नऊ येत होते, त्यामुळे ती दचकली. डोळे चोळले, तरी दोन. मग डावा डोळा ठणकायला लागला. आतून, मागून, कोणी अडकित्त्यात धरल्यासारखा. पापणी लाल झाली, वरचा बाहेरचा कोपरा सुजला आणि पंधरा दिवसांत डोळा उजव्यापेक्षा चांगला पुढे आला. शकूनं दृष्ट काढली, कोरफड बांधली. शेजारणींनी नेमकी कोणाची दृष्ट लागली यावर दोन दिवस चर्चा केली आणि आपापल्या न आवडत्या बाईचं नाव घेऊन मोकळ्या झाल्या. डोळा काही मागे जाईना. जनाबाईनं पदर कपाळावरून खाली ओढला आणि पाटी उचलली.

ठाण्यात तिचं हक्काचं घर म्हणजे त्र्यंबकराव कर्णिकांचं. कायस्थाचं घर, मासळीवाचून ताट पुढे न ओढणारं. त्र्यंबकराव सरकारी दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होते. मुंबईला मराठीतून वैद्यक शिकून आलेले, पण लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, कलावतीबाईंनी, बोया मागितल्या.

"घ्या सहा," जनाबाई म्हणाली.

"अगं, तीन आहेत."

"सहा हायेत. माज्याशी मोजनीत वाद नका घालू बाय."

कलावतीबाईंनी माशांकडे पाहिलं, मग हिच्या तोंडाकडे, मग सरळ हात पुढे करून तिचा पदर मागे सारला. आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडल्या, "अहो! हात धुवा आणि बाहेर या! जेवण नंतर!"

त्र्यंबकराव अर्ध्या जेवणातून आले ते कुरकुरत, पण डोळा पाहिल्यावर कुरकुर थांबली. त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. कानशिलाला आणि मिटल्या पापणीला नळी लावून ऐकलं. आत रक्ताचा सूं सूं आवाज नव्हता. तिला खाली वाकायला लावलं. डोळा जास्त बाहेर आला नाही. बारीक सुई घालून पाहिली; पू नव्हता. पापणीच्या कडेला बोट दाबलं तर आत रबरासारखं काहीतरी घट्ट लागलं आणि जनाबाईनं अशी शिवी दिली की कंपाउंडर हरिहरनं बाटली खाली ठेवली. नजर मात्र शाबूत होती. एक डोळा झाकला की दूर धरलेल्या काड्या बरोबर मोजायची.

"हे माझ्या हातचं नाही," ते म्हणाले आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या गोऱ्या सर्जनला चिठ्ठी लिहून दिली.

जनाबाई आणि मोरू आगगाडीनं मुंबईला जाऊन आले. साहेबानं दोन मिनिटं पाहिलं, एक कागद लिहिला. तो कागद त्र्यंबकरावांनी वाचला आणि बराच वेळ घडी घालत बसले.

"बोला की," जनाबाई म्हणाली.

"डोळ्यामागे मांस वाढलंय. साहेब म्हणतात, डोळा आणि खोबणीतलं सगळं काढावं लागेल. नाही काढलं तर वाढत वाढत डोक्यात शिरेल. होळीनंतरचा दुसरा सोमवार दिलाय."

मोरू भिंतीला टेकून खाली बसला. जनाबाई उभीच होती.

"पन त्यो तर मागं जातो."

"काय मागं जातो?"

"डोला. भरतीला फुगतो, ओहोटीला बसतो. उधानाला तर इचारू नका. सायबाला सांगत होते, पन तिथला शिपाई बोलूच देत नव्हता."

त्र्यंबकराव इतक्या दुःखातही हसले. "जनाबाई, डोळा म्हणजे काय खाडी आहे?"

"खाडीवर तुमी राहता का मी?"

"हे बघा. या जातीची गाठ एकदा वाढायला लागली की वाढतच जाते. मागे फिरत नाही."

"आनि फिरली तर?"

"फिरली तर ती त्या जातीची नव्हे. पण फिरत नाही. सगळे रोगी म्हणतात, आज जरा बरं आहे. भीतीनं बरं वाटतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. जनाबाईला रांड म्हटलं असतं तरी एकवेळ तिनं परत चार शिव्या देऊन विषय संपवला असता. भित्री म्हटलेलं तिला चालत नसे.

"मी भिऊन बोलतेय? बरं. मोजून दावते. मंग तर झालं?"

"डोळा कशानं मोजणार? तसलं हत्यार माझ्याकडे नाही, साहेबाकडेही नाही."

"माज्याकडं हाय," जनाबाई म्हणाली आणि मोरूला उठवून निघाली.

घरी येऊन तिनं जाळ्याची पट्टी घेतली. डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाड लागतं, त्याला पट्टीचं टोक टेकवलं, पट्टी सरळ समोर धरली, डोळा मिटला आणि शकूला बाजूला बसवलं. पापणीचा फुगवटा पट्टीवर जिथवर येईल तिथं शकूनं नख दाबायचं आणि तेवढा दोरा कापायचा. दिवसातून दोनदा. भरतीला कोऱ्या पांढऱ्या सुताचा दोरा, ओहोटीला झाडाच्या सालीच्या रंगात बुडवलेल्या तपकिरी सुताचा. एका आडव्या दोरीला हे तुकडे ओळीनं बांधत जायचं. सगळ्यात आधी उजव्या, चांगल्या डोळ्याचं माप घेऊन तो दोरा दोरीच्या टोकाला बांधला, म्हणजे कुठवर पोचायचंय ते दिसत राहावं.

सहाव्या दिवशी दोरा एकदम आखूड आला. सातव्या दिवशी त्याहून. शकूचा चेहरा उजळलेला. जनाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आता उजवा मोज."

शकूनं मोजला. उजवाही आखूड आला.

"उजवा डोला कवापासून बसायला लागला गो?"

शकू रडकुंडीला आली. "वयनी, तुमाला बरं वाटावं म्हनून जरासं..."

"मना बरं वाटवायला तुला बसवली व्हय? असलं जालं मोरूला दिलं असतं तर मासं हसत भायेर गेलं असतं!" दोन दिवसांचे दोरे तिनं तोडून चुलीत टाकले, त्या जागी दोन रिकाम्या गाठी मारल्या, आणि त्या दिवसापासून शकू दर खेपेला आधी उजवा डोळा मोजायची, तो बरोबर आला तरच डाव्याला पट्टी. शकूला दुसरं काही काम उरलं नाही. तिचा नवरा तक्रार करायला आला, तर जनाबाईनं त्यालाच ओहोटीची वेळ सांगायच्या कामाला लावलं.

वीस दिवसांनी, ठरलेल्या सोमवारच्या तीन दिवस आधी, तिनं ती दोरी त्र्यंबकरावांच्या टेबलावर पसरली. पांढरे-तपकिरी दोरे तोरणासारखे लोंबत होते. रिकाम्या गाठींचं कारणही तिनं सांगितलं. त्र्यंबकरावांनी चष्मा लावला, आधी पांढरे पाहिले, मग तपकिरी.

"भरती-ओहोटीचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "बघा. त्याच दिवसाचा पांढरा आणि तपकिरी सारखाच. उधाणाच्या दिवशीही सारखाच."

जनाबाईचं तोंड उतरलं. वीस दिवस पट्टी डोळ्याशी धरून ती खात्रीनं आलेली. "म्हंजे मी खोटी?"

त्र्यंबकरावांचं बोट दोऱ्यांच्या खालच्या कडेवरून चाललं होतं. कड नऊ दिवस वर चढत होती, म्हणजे डोळा आत जात होता. मग पाच दिवस डोळा पुन्हा बाहेर. मग पुन्हा आत. बोट शेवटापर्यंत गेलं, परत पहिल्या दोऱ्यावर आलं, पुन्हा शेवटापर्यंत गेलं.

"जनाबाई, तुम्ही साफ चुकलात," ते सावकाश म्हणाले. "आणि तुमचं बरोबर आहे. हा मागे जातो."

"मंग? मी मराठीतच सांगत होते."

"म्हणजे ही वाढ नसावी. सूज असावी. गाठीसारखी घट्ट झालेली, पू नसलेली सूज. अशी गाठ मी पाहिलेली नाही. एका इंग्रजी पुस्तकात चार ओळी आहेत तेवढ्याच. औषध देऊन बघता येईल." मग त्यांनी चष्मा काढला. "पण ऐका. मी छोटा माणूस आहे. साहेब बरोबर असेल आणि मी चुकत असेन, तर दोन महिन्यांत डोळा नाही, जीव जाईल. हे मी मोरूसमोर सांगतोय."

मोरू म्हणाला, "काढूनच टाकू. एका डोल्यानं काय अडतं? तू ऱ्हायलीस म्हंजे झालं."

जनाबाई त्याच्यावर कधी नव्हे ती ओरडली नाही. तिनं दोरी गुंडाळली, कमरेला खोचली आणि म्हणाली, "एका डोल्यानं मना गाठ कुटं बसली ते दिसनार नाय. डोला गेला तर मी विनायची बंद, आनि विनायची बंद झाली तर घरात बसून तुलाच शिव्या देनार. त्यापरास औशद द्या डागदर. दोन म्हैने मी मोजते. वाडला तर सायबाकडं माज्या पायानं जाईन."

त्र्यंबकरावांनी सर्जनला मुदतीसाठी पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: जबाबदारी तुमची. त्या रात्री कर्णिकांच्या घरी जिताड्यासारखी मासळी शिजली तरी मालकांनी दुसऱ्यांदा घेतली नाही, असं कलावतीबाई सांगतात. आणि त्या घरात हा मोठा अपशकुन समजतात.

औषध म्हणजे आयोडाइडचं पाणी, दिवसातून तीनदा, आणि जोडीला पाऱ्याची चिमूटभर पूड. ते देण्याआधी त्र्यंबकरावांना एक नाजूक गोष्ट विचारणं भाग होतं, कारण हेच औषध बाहेरख्यालीतून लागणाऱ्या गरमीच्या रोगावर देतात आणि त्या रोगातही अशा गाठी होतात. त्यांनी घसा खाकरला, खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, मोरू कधी बंदरावर, बाहेर कुठे, तसल्या ठिकाणी...

"मोरू?" जनाबाई म्हणाली. "त्याला घरचा रस्ता धड गावत नाय. भायेरचा कुटं शोदील?"

पण भिंतीपलीकडे हरिहर औषध खलत होता. हरिहरच्या पोटात औषध राही, बातमी राहत नसे. दोन दिवसांत बाजारभर झालं: जनाबाईला गरमीचं औषध चालू आहे. गिऱ्हाइकं तिच्या पाटीपाशी येऊन पुढे सरकू लागली. कोलशेतच्या म्हाताऱ्यांनी मोरूला बोलावून घेतलं, आणि मोरू खाली मान घालून परत आला. "लपवून पी," तो म्हणाला. "नायतर सोडूनच दे."

दुसऱ्या दिवशी जनाबाईनं बाटली पाटीत, माशांच्या मधोमध उभी केली. बाजार भरला, तशी बूच काढलं, तोंड वर करून सगळ्यांदेखत घोट घेतला आणि पदरानं ओठ पुसले.

"हां, तेच औशद. हरिहरनं सांगितलं तेच. बाटली बगून झाली आसंल तर आता पाटी बगा. ताजं जिताडं हाय."

दोन बायका हसल्या, पण जिताडं कोणी घेतलं नाही. ती पाटी उचलून आळीत आली, तर कलावतीबाई दारात उभ्या. एरवी हळू बोलणारी बाई, त्या दिवशी आळीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जनाबाई! अख्खं जिताडं इकडे! आणि उद्याही आण!" डॉक्टरच्या घरची चूल जे खाते ते आपल्याला कसं बाधेल, असा विचार करून आळीतल्या बाकीच्या चुलीही आठवड्याभरात ताळ्यावर आल्या. हरिहरला मात्र जनाबाईनं पुढे वर्षभर शिळी मासळीसुद्धा दिली नाही.

औषधानं छळलं ते वेगळंच. नाक गळायला लागलं, तोंडाला तांब्याची चव आली, कपाळावर पुटकुळ्या उठल्या. कोळणीचं नाक गेलं म्हणजे अर्धा धंदा गेला. मासा ताजा की नाही हे ती बोटानं दाबून, कल्ल्याचा रंग बघून ठरवू लागली. दोरे मात्र चालू. आता सगळे पांढरेच. तपकिरी तिनं स्वतःच बंद केले होते. भरतीचं नाव कोणी काढलं तर ती दुसरंच काही बोलायची.

दोन आठवडे दोरे आखूड होत गेले. तिसऱ्या आठवड्यात लांबले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. डोळा लाल, ठणका परत. शकूनं पाचव्या दिवशी उजवा तीनदा मोजला, डावा तीनदा मोजला आणि पट्टी खाली ठेवली.

मोरूनं मुंबईला जायचं गाठोडंच बांधलं. "तू बोललीस, वाडला तर माज्या पायानं जाईन. चल."

जनाबाईनं गाठोड्याकडे पाहिलं. तिचा शब्द होता, आणि मोरू चुकीचं बोलत नव्हता. तिनं आधीची वीस दिवसांची दोरी काढली, जमिनीवर पसरली आणि तिच्याखाली नवी दोरी ठेवली. बोटानं एक एक दोरा मोजला. पहिल्या खेपेला डोळा पाच दिवस बाहेर आला होता आणि सहाव्याला फिरला होता. तेव्हाचा सगळ्यात लांब दोरा तिनं आजच्या दोऱ्याशेजारी धरला. आजचा आखूड होता. थोडासाच, पण आखूड.

"चढलाय, पन तवाच्या इतका नाय," ती म्हणाली. "दोन दिस थांब. दोन दिसांनी हा त्याच्या म्होरं गेला, तर गाठोडं मी उचलते."

ते दोन दिवस ती विणत बसली. डाव्या डोळ्यावर फडकं बांधून, उजव्यानं, गाठ बोटानं चाचपत. मोरू होडीवर गेला नाही. उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याला हाकललं नाही, यावरून शकूला कळलं की ही घाबरली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकूनं उजवा मोजला. बरोबर. डावा मोजला. दोरा कापला आणि पुढे केला. तो आदल्या दिवसापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा आखूड होता. जनाबाईनं तो बांधला, गाठ दातानं आवळली आणि मोरूला म्हणाली, "गाठोडं सोड. त्यात माजा चांगला लुगडा हाय, चुरगाळंल."

त्यानंतर दोरे आखूडच होत गेले. ठणका गेला, होड्या दोनाची एक झाली. औषधानं की आपणहून, हे त्र्यंबकराव शेवटपर्यंत छातीवर हात ठेवून सांगू शकले नाहीत, आणि तसंच त्यांनी आपल्या कागदावर लिहिलं. ज्येष्ठ लागला तेव्हा डाव्याचा दोरा आणि टोकाचा उजव्याचा दोरा शेजारी धरले तर फरक जनाबाईलाच दिसायचा; इतरांना ती सांगायची म्हणून दिसायचा.

मग मात्र त्र्यंबकराव स्वतः तिला मुंबईला घेऊन गेले. साहेबानं खोबणीत बोट दाबलं. या वेळी शिवी आली नाही. त्यानं दोन्ही डोळे बाजूनं पाहिले, वरून पाहिले, दोऱ्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि त्र्यंबकरावांना इंग्रजीत पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटी तो हातावर हात चोळत काहीतरी बोलला आणि जनाबाईकडे पाहू लागला.

"काय म्हनतो?" तिनं विचारलं.

"म्हणतात, असं फार क्वचित बघायला मिळतं. तुम्ही नशीबवान आहात. पण हे परत येऊ शकतं, आणि आलं तर ते वाट बघणार नाहीत. तेव्हा डोळा काढावाच लागेल."

जनाबाईनं आपल्या दोऱ्या त्याच्या हातातून घेतल्या, गुंडाळल्या आणि म्हणाली:

"सायबाला सांगा, परत आला तर परत मोजीन. कुनाचा तरी काढायची येवडी घाई आसंल, तर पयला सोताचा काढून बगावा."